फाशी झाली तर पुढचा कट्टा (गावठी पिस्तूल) चालायचा थांबतो का?

इतवारीकर_७९ | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय जड आहे. आमच्या गल्लीतल्या एका पोराला दिवाळीच्या आधी गोळी घातली. वय २४. भांडण कशाचं तर गाडी लावण्यावरून, आणि त्यामागे जुने चार हजार रुपये. संध्याकाळी साडेसहाला समोरचा "बघून घेतो" म्हणून गेला आणि रात्री साडेनऊला दोघं जण गाडीवर आले, हा पानठेल्यापाशी उभा होता, काही बोलणं नाही चालणं नाही, दोन गोळ्या. एक त्याला लागली. दुसरी माझ्या दुकानाच्या शटरमधून आत गेली आणि सुतळीच्या गठ्ठ्यात घुसली (माझं दोर, सुतळी, ताडपत्रीचं दुकान आहे). ती गोळी पोलीस काढून घेऊन गेले, भोक तसंच आहे. रोज सकाळी शटर वर करताना बोट आपोआप तिथे जातं, भोकाच्या कडा आत वळल्या आहेत, बोटाला लागतात. वेल्डिंगवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. पंचनामा झालाय, फोटो झालेत, तरी वाटतं कोर्टात लागेल, राहू दे.

आता गल्लीतल्या लोकांनी निवेदन तयार केलंय, "आरोपींना फाशी झालीच पाहिजे", तीनशेच्या वर सह्या झाल्या, शनिवारी कलेक्टर ऑफिसला द्यायचंय. पहिली सही आईची पाहिजे म्हणून आम्ही चार जण काकूंकडे गेलो. काकूंनी पेन हातात घेतला, कागदाकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "बाबू, याले फाशी झाली तर मंग दुसऱ्या कोणाच्या पोराले कोणी असं मारणार नाही ना? तसं असंन तर देते सही." माझ्या तोंडातून शब्द निघेना. सोबतचे म्हणाले हो काकू, नाही मारणार. मी नाही म्हणू शकलो. काकूंनी पेन ठेवून दिला, म्हणाल्या विचारून सांग.

तर तेच विचारून राहिलो. फाशीच्या भीतीने गोळी मारणारा थांबतो का? यावर कुठे खरंच काही तपासलं गेलंय का, की आपण सगळेच रागात बोलतो? मला शनिवारच्या आत काकूंना उत्तर द्यायचंय, आणि खोटं बोलायचं नाहीये.

बंटी_जरीपटका | मंगळवार, रात्री ११:३५

भाऊ विचार कसला करून राहिले, सही घ्या आणि मोकळे व्हा. भीती पाहिजे या पोट्ट्यांना, भीतीच उरली नाही. कट्टा हातात घेऊन रील टाकतात, बर्थडेला तलवारीने केक कापतात, आत जाऊन आले की मोहल्ल्यात अजून इज्जत वाढते यांची. जन्मठेप म्हणजे काय, चौदा वर्षं जेलचं खाऊन बाहेर. सिंगापूर पाहा ना. तिथे बंदूक नुसती चालवली, कोणाला लागली नाही तरी फाशी आहे, आणि तिथे कोणी गोळ्या मारत नाही. एवढा साधा हिशोब आहे, यात काय तपासायचं. दोघा-तिघांना लटकवा, बाकीचे आपोआप सरळ होतात.

काळाकोट_सिव्हिललाईन्स | बुधवार, सकाळी ७:२०

इतवारीकर, आधी काकूंना माझा नमस्कार सांगा. मी जिल्हा न्यायालयात फौजदारीची प्रॅक्टिस करतो, खुनाच्या केसेस दोन्ही बाजूंनी चालवल्या आहेत. कायद्याचं तेवढं सांगतो.

खुनाला आधी ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, शिक्षा तीच, जन्मठेप किंवा फाशी. पण सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये बच्चन सिंगच्या निकालात सांगून ठेवलंय की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तीही दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये. तुम्ही सांगितली तशी केस, म्हणजे एक जीव गेला, जुनं भांडण, आरोपी कोवळ्या वयाचे, यात फाशी होणं फार कठीण आहे. हे काकूंना आत्ताच सांगा. नाहीतर चार-पाच वर्षांनी जन्मठेप होईल आणि त्यांना वाटेल आपण हरलो, जेव्हा ती त्या केसमधली जिंकणंच असेल. आणि बंटीभाऊ, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं ही सरकारने माफीचा विचार करण्याआधीची कमीत कमी मुदत आहे, चौदा वर्षं झाली म्हणून दार उघडत नाही.

आकडे पाहा. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी सगळ्या देशातल्या सेशन कोर्टांनी मिळून १६५ जणांना फाशी सुनावली, त्यातले ३८ तर एकट्या अहमदाबाद बॉम्बस्फोटाच्या निकालातले. सुनावलेल्या फाशीला पुढे हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, यात बहुतेक कमी होऊन जन्मठेप होते किंवा माणूस सुटतो. प्रत्यक्षात शेवटची फाशी २० मार्च २०२० ला तिहारमध्ये झाली, त्यानंतर मी हे लिहितोय तोपर्यंत एकही नाही. मारणाऱ्याने हे आकडे वाचलेले नसतात हे कबूल, पण मोहल्ल्यात कोणाचं काय झालं हे त्याला बरोबर ठाऊक असतं, आणि मोहल्ल्यात त्याने पाहिलेलं असतं ते जामीन, तारीख, आणि सुटून आलेला माणूस.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. बंदुकीच्या खुनाला सक्तीची फाशी हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १९८८ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून २७ (३) घातलं, प्रतिबंधित हत्यार वापरलं आणि माणूस मेला तर शिक्षा एकच, फाशी. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. २४ वर्षं ते पुस्तकात होतं. १ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या केसमध्ये ते घटनाबाह्य म्हणून रद्द केलं. मी त्या काळात शस्त्र कायद्याचे कितीतरी अशील पाहिले, हत्यार बाळगणारे, विकणारे, आणून देणारे. त्यातल्या एकालाही हे कलम आहे हे माहीत नव्हतं. ज्याची खबरच नाही त्याला घाबरणार कसं?

गणिताच्या_मॅडम | बुधवार, दुपारी १:०५

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, हा प्रश्न एकदा वर्गात मुलांनीच काढला होता तेव्हा बरंच वाचलं होतं, म्हणून लांब लिहिते, कंटाळू नका.

आधी बंटी यांचं सिंगापूर. माहिती बरोबर आहे, तिथला कायदा १९७३ चा आहे आणि खरंच इतका कडक आहे. पण सिंगापूरशेजारी हाँगकाँग ठेवून पाहा. तसंच बंदराचं शहर, तशीच दाट वस्ती, बहुसंख्य चिनी लोक. हाँगकाँगमध्ये शेवटची फाशी १९६६ ला झाली आणि १९९३ ला कायद्यातूनही काढून टाकली. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१० मध्ये दोन्ही शहरांचे खुनाचे आकडे कित्येक वर्षांचे शेजारी-शेजारी लावले, तर दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच खाली आल्या. एकीकडे फाशी, एकीकडे नाही. दोन्हीकडे सारखं काय होतं तर बंदूक मिळतच नाही, आणि गुन्हा केला तर माणूस सापडतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उदाहरण, इंग्लंडचं. तुमचा प्रश्न "फाशीने खून थांबतात का" एवढाच नाहीये, "फाशीने गोळी थांबते का" असा आहे, आणि नेमका हाच प्रश्न त्यांनी कायद्यातच मांडला होता. १९५७ मध्ये त्यांनी खुनाचे दोन भाग केले. गोळी घालून किंवा स्फोट करून मारलं, चोरी करताना मारलं, पोलिसाला किंवा जेलच्या शिपायाला मारलं, अशा काही प्रकारांना फाशी. बाकी खुनांना, विष दिलं, गळा दाबला, डोक्यात हातोडा घातला, तर जन्मठेप. म्हणजे विचार हाच होता की गुन्हेगाराने घरातून निघताना पिस्तूल घरी ठेवावं. कागदावर किती नीट वाटतं बघा. पण आठ वर्षांतच तो कायदा मोडीत निघाला, कारण न्यायाधीशांनाच तो टोचायला लागला. महिनोन् महिने बायकोच्या चहात विष घालणारा जिवंत राहतो आणि एका क्षणाच्या रागात घोडा ओढणारा फासावर जातो, हे कोणाला पटवून सांगणार? १३ ऑगस्ट १९६४ ला तिथे शेवटच्या दोन फाशा झाल्या, १९६५ मध्ये खुनाला फाशी थांबवली, १९६९ मध्ये कायमची. आणि मग काय झालं?  आज सहा कोटींवर लोकांच्या त्या देशात गोळीने होणारे खून वर्षाला काही डझन असतात. कारण लायसन्स मिळणं तिथे फार अवघड आहे, आणि १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत लहान मुलांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी लोकांकडची पिस्तुलंच बंद केली.

याच्या उलट अमेरिका. तिथे फाशीही आहे आणि बंदुकाही आहेत. एकट्या टेक्सासने १९८२ पासून पाचशेहून जास्त माणसांना मृत्युदंड दिलाय. आणि २०२१ मध्ये त्या देशात गोळीने सुमारे २१ हजार खून झाले.

अभ्यासाबद्दल विचारलंत. १९७५ मध्ये आयझॅक अर्लिख नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हिशोब मांडून सांगितलं की एका फाशीमागे सात-आठ जीव वाचतात. केवढी खळबळ झाली, कोर्टातसुद्धा तो आकडा गेला. मग दुसऱ्यांनी तोच हिशोब उघडून पाहिला, तर १९६२ नंतरची थोडी वर्षं काढली की सगळा परिणाम नाहीसा होतो. थोडी वर्षं काढल्यावर जे उत्तर पडतं त्याला मी वर्गात उत्तर म्हणू देत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तोपर्यंतचे सगळे अभ्यास तपासले आणि सांगितलं की यावरून फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच होत नाही, यातलं काहीही म्हणता येत नाही, आणि हे अभ्यास धोरण ठरवायला वापरू नका. म्हणून काकूंना "नाही थांबत" असंही छातीठोक सांगू नका. "थांबतो असं पन्नास वर्षं शोधून कोणालाही दाखवता आलेलं नाही" असं सांगा. ते खरं आहे.

आणि शेवटचं. तुमच्याच पोस्टमधला वेळ मी परत परत वाचतेय, साडेसहा ते साडेनऊ. तीन तास. त्या तीन तासांत त्या मुलाचा राग उतरला असता, आई ओरडली असती, मित्राने जेवायला नेलं असतं, काहीही झालं असतं. पण तीन तासांत त्याच्या हातात कट्टा आला. नागपूरसारख्या शहरात तीन तासांत कट्टा मिळतो, मला सगळी भीती याची वाटते.

बंटी_जरीपटका | बुधवार, दुपारी १:३०

मॅडम सिंगापूरचं समजलं, हाँगकाँगचं माहीत नव्हतं. पण आपल्याकडे ना बंदूक बंद होणार ना माणूस सापडणार, मग फाशी तरी ठेवा की.

गणिताच्या_मॅडम | बुधवार, दुपारी १:४२

माणूस सापडणारच नसेल तर फाशी देणार कोणाला? जपानमध्ये फाशी आहे, प्रत्यक्ष देतातही. तिथे ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान आबे यांना भर सभेत मारलं ते घरी बनवलेल्या बंदुकीने, आणि मारणारा पळालासुद्धा नाही. जो इतकं ठरवून येतो त्याला फाशी अडवत नाही, आणि जो रागात येतो त्याला ती आठवत नाही.

जुना_हवालदार | बुधवार, रात्री ९:५०

मी ३१ वर्षं खात्यात काढली, आता रिटायर. नाव-गाव इचारू नका. टायपिंग पोरगी करून राहिली, मी बोलतो तसंच लिहिते ते.

मॅडमनं तीन तासाचं बरोबर पकडलं. पण मले इतवारीकर भाऊच्या पोस्टात दुसरं दिसलं. दोन गोळ्या म्हणता तुम्ही, अन् दोघं होते. मंग एक तर दोघापाशी दोन कट्टे, नाहीतर एकापाशी माऊझर, म्हणजे एकामागून एक गोळ्या सुटणारं पिस्तूल. यात लई फरक आहे, सांगतो काहून.

कट्टा म्हणजे वितीपेक्षा थोडा मोठा. एक नळी, लाकडाची मूठ, स्प्रिंग, घोडा. मधातून मोडायचा, एक काडतूस भरायचं, एकच गोळी. नळीले आतून आटे नसतात, गुळगुळीत पाइप. चांगल्या पिस्तुलाच्या आट्यानं गोळीवर रेघा पडतात अन् त्या रेघांवरून लॅबवाले सांगतात का हे गोळी याच पिस्तुलातली. कट्ट्याच्या गोळीवर तशा रेघाच नसतात. मंग उरली काडतुसाची रिकामी पुंगळी, तिच्या बुडावर पिनचा खड्डा असतो, त्यावरून जुळते. पण कट्टा पुंगळी बाहेर फेकत नाही, ते नळीतच राहते, मारणारा सोबत घेऊन जाते अन् रस्त्यात नाग नदीत फेकून देते. माऊझर असंन तर पुंगळ्या जागेवर पडतात. तुमच्या ठेल्यापाशी पंचनाम्यात पुंगळी सापडली का, ते वकिलाले पाहाले सांगा. सापडली असंन तर केस मजबूत. नसंन तर सगळी केस माणसाच्या जबानीवर उभी आहे, म्हणजे पानठेलेवाल्यावर.

आता फाशीच्या भीतीचं. मी या हातानं कितीक पोट्टे पकडले असतीन. सकाळी नशा उतरल्यावर चहा देऊन बसवायचो अन् इचारायचो, काहून रे केलं? कोणी म्हणे तो मले मारणार होता. कोणी म्हणे पोट्ट्यांसमोर इज्जत गेली. लई जण म्हणत, "साहेब, इतक्या लवकर पकडान असं नव्हतं वाटलं." फाशी होईन म्हणून इचार केला होता, पण राग आवरला नाही, असं म्हणणारा मले एकही नाही भेटला. भीती त्याइले एकाच गोष्टीची असते, कोणी पाहिलं तर नाही.

अन् कट्टा पकडला का तपास तिथंच संपते, हे माह्या जिवाले लागून आहे. हे कट्टे येतात मध्य प्रदेशातून, खरगोन, बडवानी, धार, बुऱ्हाणपूर या बाजूनं, ट्रॅव्हल्सच्या गाडीत कपड्याच्या पिशवीत. कट्टा गावठी असते पण काडतूस गावठी नसते भाऊ, ते कारखान्यातच बनते. त्याच्या बुडावर ठसा असते. म्हणजे कोणीतरी लायसन्सवाला आपल्या कोट्यातले काडतूस बाहेर इकते, नाहीतर दुकानाच्या रजिस्टरात गडबड आहे. कट्टा लोखंडाचा तुकडा आहे, काडतुसाबिगर त्याच्यानं खिळाही ठोकता येत नाही. मी एकदा एका ठाण्यात असताना काडतुसावरून मागं मागं जाऊ द्या म्हटलं, तर मले सांगितलं का आरोपी मिळाला, हत्यार मिळालं, चार्जशीट टाका. चार्जशीट टाकली. दोन वर्षांनं साक्षीदार फुटले अन् आरोपी सुटला, काडतूस इकणारा तर कधी दिसलाच नाही.

साक्षीदार काहून फुटते, ते बी सांगतो. पानठेलेवाल्याचं पोट त्याच चौकात आहे. आरोपीचा भाऊ रोज संध्याकाळी तिथंच येते, खर्रा (सुपारी-तंबाखू) सांगते, अन् हा खर्रा घोटत असताना समोर उभा राहून नुसता पाहत राहते. धमकी देत नाही, शिवी देत नाही. पैसे देते अन् चालला जाते. असं दीड वर्ष. मंग कोर्टात हा म्हणते, अंधार होता साहेब, चेहरा नाही दिसला. त्याले दोष देऊ नका.

रहाटे_कॉलनी | गुरुवार, सकाळी ६:३०

आमच्या गच्चीवरून जेलची भिंत दिसते. महाराष्ट्रात फाशी द्यायची सोय दोनच जेलमध्ये आहे, येरवडा आणि आपलं नागपूर. ३० जुलै २०१५ ची पहाट मला अजून आठवते, याकूब मेमनची फाशी. रात्रभर टीव्ही चालू, तिकडे दिल्लीत तीन वाजता सुप्रीम कोर्ट बसलेलं, इकडे वर्धा रोडवर पोलिसांच्या गाड्या आणि चॅनलवाले. सकाळी सातच्या सुमारास झालं. सासूबाई देवापुढे बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्याआधी या जेलमध्ये फाशी झाली होती १९८४ मध्ये. ३१ वर्षांत एक. आणि ती झाल्यावर आपल्या शहरात गोळ्या चालायच्या थांबल्या का, हे इथल्या कोणालाही विचारा.

त्यानंतर महिन्याभरात, ऑगस्ट २०१५ मध्येच, विधी आयोगाचा अहवाल आला, न्यायमूर्ती ए. पी. शहा अध्यक्ष होते. त्यांनी म्हटलं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो असं दिसत नाही.

अजून एक तारीख नागपूरकरांनी विसरू नये. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीतल्या गुंडाला, अक्कू यादवला, भर कोर्टात मारलं. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑगस्टला, कोलकात्यात धनंजय चॅटर्जीला फाशी झाली, सगळ्या देशात तीच चर्चा. पण इथल्या बायकांना फाशीचा कायदा कमी पडला नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही वर्षानुवर्षं सांगतोय आणि हा माणूस परत परत बाहेर येतो. मला वाटतं भीतीचा प्रश्न तिथेच आहे, जेलचं दार बंद राहतं की नाही यात.

इतवारीकर_७९ | गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. हवालदारसाहेब, तुमचं वाचून मी दुकान बंद करता करता ठेल्याकडे पाहिलं. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच होऊन राहिलंय. आरोपीचा चुलतभाऊ आठवड्यातून तीन-चारदा येतो. मला वाटायचं गिऱ्हाईक आहे. ठेलेवाला गेले पंधरा दिवस आठच्या आत बंद करून चालला जातो, मी विचारलं तर म्हणे बायकोची तब्येत बरी नाही. आज परत विचारलं, आत दुकानात बसवून, पाणी देऊन. म्हणाला, भाऊ मी नीट पाहिलंय, दोघांनाही पाहिलंय, पण माझी पोरगी दहावीत आहे आणि तिच्या ट्यूशनचा रस्ता त्यांच्याच घरावरून जातो.

पंचनाम्याचंही पाहिलं, आमच्या वकिलांकडे कॉपी आहे. पुंगळी एक सापडली आहे, नालीच्या जाळीवर.

आता ठेलेवाल्यासाठी काय करता येईल? पोलीस स्टेशनला जाऊन नुसतं सांगितलं तर उपयोग होईल का?

काळाकोट_सिव्हिललाईन्स | गुरुवार, रात्री ११:००

पुंगळी एक सापडली हे चांगलं आहे. नुसतं तोंडी सांगू नका. साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ ला मान्य केली, सगळ्या देशाला लागू. जिल्ह्याची समिती असते, अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सोबत पोलीस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख. ठेलेवाल्याने स्वतः किंवा घरच्यांनी अर्ज करायचा. मग पोलिसांकडून धोका किती आहे याचा रिपोर्ट मागवतात आणि त्याप्रमाणे संरक्षण ठरतं, घराजवळ गस्त, कॅमेरा, कोर्टात येताना-जाताना सोबत, आरोपीसमोर न येता साक्ष. मुलीच्या ट्यूशनच्या रस्त्याचं अर्जात स्पष्ट लिहा, धोका घरच्यांना असेल तर तोही धरतात. चुलतभाऊ कोणत्या दिवशी किती वाजता आला याची तारखेनिशी वही करा, आजपासून. आणि ठेलेवाल्याची जबानी मॅजिस्ट्रेटसमोर लवकरात लवकर नोंदवून घ्या, पोलिसांसमोरची जबानी कोर्टात फिरवली जाते, मॅजिस्ट्रेटसमोरची फिरवणं इतकं सोपं नसतं.

निवेदनात फाशीच्या मागणीऐवजी हे लिहिलंत तर कलेक्टरसाहेबांना करता येण्यासारखं काहीतरी हातात येईल. फाशी त्यांच्या हातात नाही. काडतूस कुठून आलं याचा तपास, लायसन्सधारकांच्या काडतुसांची आणि शस्त्र विक्रेत्यांच्या रजिस्टरची तपासणी, हे प्रशासनाच्या हातात आहे. हवालदारसाहेबांचा मुद्दा शब्द न् शब्द घाला त्यात.

बंटी_जरीपटका | शुक्रवार, रात्री १२:२०

झोप येऊन नाही राहिली म्हणून लिहितो. माझ्या मावसभावाला पाच वर्षांमागे चाकूने मारलं, तिघं आरोपी, तिघंही सुटले. त्यातला एक मला सिग्नलवर दिसतो कधीकधी. मी पहिल्या दिवशी रागात लिहिलं, मॅडमचे आकडे वाचले, वकीलसाहेबांचे वाचले, मान्य आहे, दुसरा कोणी फाशीला पाहून थांबत नसेल. पण मला दुसऱ्याचं नाही, त्याचं पाहिजे. माझी मावशी रोज दोन ताटं वाढते आणि एक उचलून ठेवते, त्याचा काही हिशोब असेल की नाही? दुसरा कोणी थांबो न थांबो, ज्याने केलं त्याला त्याच्या कामाइतकी शिक्षा व्हावी असं वाटणं चूक आहे असं मला कोणी सांगू नये. मी निवेदनावर सही केली असती आणि आजही करेन.

पण आमच्या केसमध्येही साक्षीदारच फुटला होता. चहावाला होता. आम्ही त्याला शिव्या घातल्या, त्याच्या टपरीवर जाणं सोडलं. हवालदारकाकांचं वाचून आज पहिल्यांदा वाटलं की तो एकटा पडला होता, आणि आम्हीच त्याला एकटं टाकलं होतं.

इतवारीकर भाऊ, ठेला किती वाजता बंद करतो तो? मी संध्याकाळी सातला सुटतो. सात ते दहा येऊन बसत जाईन, चार पोट्टे अजून आहेत सोबत. कोणाशी भांडण नाही, काही नाही, खर्रा खाऊ आणि बसू.

गणिताच्या_मॅडम | शुक्रवार, सकाळी ८:१०

बंटी, तुमच्या मावशींच्या दुसऱ्या ताटाला माझ्या विषयात उत्तर नाही आणि मी देणारही नाही. चूक आहे असं मी म्हणत नाही.

इतवारीकर_७९ | शुक्रवार, रात्री ९:४०

आज काकूंकडे गेलो होतो, एकटाच. सगळं सांगितलं, मॅडमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की फाशीने पुढचा थांबतो असं पन्नास वर्षं शोधूनही कोणाला दाखवता आलं नाही. काकू बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग थांबते कायनं?" मी ठेलेवाल्याचं सांगितलं, काडतुसाचं सांगितलं. काकूंनी विचारलं, ठेलेवाल्याची पोरगी कितव्या वर्गात आहे.

निवेदन बदललं. गल्लीत वाद झाला, दोघा-तिघांनी सही काढून घेतली, म्हणाले फाशीची ओळ नसेल तर आम्ही नाही. फाशीची ओळ ठेवायची की नाही यावर तासभर गेला, शेवटी "कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त शिक्षा" असं ठेवलं आणि वरती तीन मागण्या आल्या, साक्षीदाराला संरक्षण, काडतुसाचा तपास मागपर्यंत, आणि केस लवकर चालवणं. काकूंनी पहिली सही केली. ठेलेवाला अर्ज करायला तयार झालाय, त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून.

बंटी आज सात वाजता आला होता. ठेला पावणेदहापर्यंत उघडा होता.

सोमवारी अकरा वाजता ठेलेवाल्याला घेऊन जिल्हा कोर्टात जातोय. वकीलसाहेब, त्या अर्जासोबत आधार कार्ड सोडून अजून काय लागतं आणि तो कोणत्या मजल्यावर द्यायचा, रविवारपर्यंत सांगा. आणि शटर कोर्टात दाखवायला लागेल का तेही सांगा, वेल्डिंगवाला विचारून राहिला.